आमचे वकील पुढारी

माजरी जंक्शनवर उतरले म्हणजे मुख्य लोहमार्गापासून एक फाटा पश्चिमेकडे वळलेला दिसतो. तो वर्धा नदी ओलांडून वणीस जातो आणि तेथून पुढे आदिलाबादकडे. कोळशाने भरलेल्या वाघिणी या फाट्यावरून जाताना आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. नदीच्या अलीकडे चांदा आणि पलीकडे यवतमाळ. जुन्या भाषेत बोलायचे तर अलीकडे नागपूर प्रांत आणि पलीकडे वऱ्हाड. त्या पलीकडच्या वणी गावी २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. पुढे यवतमाळच्या कोर्टात ते वकील झाले आणि लोकनायक बापूजी अणे या नावाने साऱ्या देशाला माहीत झाले.

मध्यंतरी युनियनच्या कचेरीत जुन्या पुढाऱ्यांच्या गोष्टी चालल्या होत्या. एका तरुण ठेका कामगाराने सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, "भाऊ, तुम्ही सांगता त्यांत दर दुसरा माणूस वकील निघतो. पुढारी सगळे वकीलच कसे? आणि वकिलाने आमच्यासाठी भांडायचे, तर आम्ही काय करायचे?" प्रश्न साधा होता, पण त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. आमची शाळा सातवीत सुटली. जो काही कायदा कळतो तो कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता कळलेला. तरीही त्या मुलाचे देणे डोक्यावर आहे असे वाटत राहिले. त्याच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या वसंतातल्या मंडळींपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

वकीलच का?

इंग्रजी आमदानीत राजकारण करावयाचे, तर माणसाजवळ चार गोष्टी असाव्या लागत. पहिली गोष्ट, त्याचे पोट सरकारच्या हाती नसावे. सरकारी नोकराला राजकारणाची बंदी होती. शाळामास्तर अनुदानाने बांधलेला असे. मालगुजाराची मालगुजारी आणि व्यापाऱ्याचा ठेका साहेबाच्या मर्जीवर अवलंबून असे. वकिलाला मात्र पैसे देत ते त्याचे पक्षकार. दुसरी गोष्ट भाषेची. राज्याचा कारभार इंग्रजीत चाले आणि सरकारशी भांडायचे तेही इंग्रजीतच भांडावे लागे. तिसरी गोष्ट वेळेची. शेतकऱ्याला पेरणी सोडता येत नाही, कामगाराला पाळी चुकवता येत नाही. वकील मात्र चार महिने कामे न घेता हिंडू शके आणि परत आल्यावर पुन्हा काळा कोट चढवू शके.

चौथी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. जिल्ह्याच्या कोर्टाचे आवार म्हणजे साऱ्या जिल्ह्याचा बाजार. सावकाराने जमीन लिहून घेतलेला कुणबी, कुंपणाच्या भांडणातले दोघे भाऊ, जंगलात लाकूड तोडल्याबद्दल धरलेला गोंड, सगळे तेथे येत. गावोगावचे दुःख पायी चालत वकिलाच्या ओसरीवर येऊन बसे. ज्याला डोळे होते त्या वकिलाला दहा वर्षांत जिल्हा पाठ होई.

अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे या पहिल्या गोष्टीचे चांगले उदाहरण आहेत. गणेश श्रीकृष्ण खापर्डे १८८४ साली कायद्याची परीक्षा उतरले आणि काही वर्षे वऱ्हाडात सरकारी अधिकारी होते. राजकारण आणि सरकारी खुर्ची एकत्र नांदत नाहीत हे पाहून त्यांनी नोकरी सोडली आणि १८९० साली अमरावतीस वकिली मांडली. सात वर्षांनी, १८९७ साली, काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते आणि अध्यक्ष मद्रासचे शंकरन नायर, तेही वकीलच.

अर्थात वकिलाचे स्वातंत्र्यही पुरते नव्हते. सनद देणारा ती काढूनही घेऊ शकतो. गांधीजींना १९२२ साली शिक्षा झाली तेव्हा लंडनच्या ज्या संस्थेने त्यांना बॅरिस्टर केले होते तिने त्यांचे नाव पटावरून काढून टाकले; ते परत लागले १९८८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. कायदा शिकायचा म्हणजे नागपूर, मुंबई, कलकत्ता किंवा थेट लंडन गाठायचे. त्याला पैसा लागे आणि घरात अक्षर असावे लागे. म्हणून वकील झाले ते बहुतेक वरच्या जातींतले आणि खात्यापित्या घरांतले. ज्यांचे खटले जास्त त्यांच्या घरात वकील नव्हता आणि ज्यांच्या घरात वकील होता त्यांचे खटले वेगळे होते. पुढच्या साऱ्या गोष्टीची मेख येथे आहे.

वकालतनामा कोणाचा?

वकील हा दुसऱ्याच्या वतीने बोलणारा माणूस. कोर्टात उभे राहण्यापूर्वी त्याला पक्षकाराच्या सहीचा किंवा अंगठ्याचा वकालतनामा लागतो. तो नसेल तर न्यायाधीश विचारतो, आपण कोणातर्फे? राजकारणात गेलेल्या वकिलाला मात्र असे कोणी विचारत नाही. तो "जनतेतर्फे" म्हणतो आणि सभा टाळ्या वाजवते. आमचे म्हणणे एवढेच आहे की वकील पुढारी मोजायचा असेल तर त्याचे वक्तृत्व पाहू नये. त्याच्या हाती वकालतनामा कोणाचा होता ते पाहावे.

अमरावतीच्या एकाच कोर्टात दोन मोठे वकील होते. एक खापर्डे, दुसरे रंगनाथ नरसिंह मुधोळकर. मुधोळकर नेमस्त. अर्ज, ठराव, कौन्सिलातील प्रश्न या मार्गाने सरकारला वळवता येईल अशी त्यांची श्रद्धा होती. १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. खापर्डे टिळकांचे सोबती. टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा विलायतेत अपिलाची खटपट करण्यास खापर्डेच गेले. दोघेही प्रामाणिक, दोघेही विद्वान. परंतु दोघांचा पक्षकार मुख्यतः शिकलेला वर्ग होता. नोकऱ्या, कौन्सिलातील जागा, छापखान्याचे स्वातंत्र्य ही त्यांच्या कैफियतीतील कलमे. ती खोटी नव्हती. पण जंगलातल्या गवताचे आणि गिरणीतल्या तासांचे कलम त्यांत अजून यायचे होते.

हे कलम कोणी घातले? ज्यांचे होते त्यांनीच. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. टिळकांजवळ कायद्याची पदवी होती, पण वकिली त्यांनी केली नाही. आपला खटला मात्र स्वतः उभे राहून चालवला. त्या सहा दिवसांत निराळीच गोष्ट घडली. आजवर पुढारी लोकांची वकिली करत होते. त्या आठवड्यात लोकांनी पुढाऱ्याची वकिली केली.

बारा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय, हे पंजाबातले वकील. स्वागताध्यक्ष काका बॅप्टिस्टा, हे माझगावचे बॅरिस्टर. कामगारांच्या पहिल्या अखिल भारतीय व्यासपीठावर मधल्या दोन खुर्च्या वकिलांच्या होत्या. त्याचा आम्हांला विषाद नाही. तेव्हा दुसरे कोण होते? पण ही गोष्ट कोणी विसरू नये.

त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेस नागपुरास भरली आणि असहकाराचा ठराव झाला. त्यात कोर्टांवरचा बहिष्कारही होता. कलकत्त्याचे चित्तरंजन दास आणि अलाहाबादचे मोतीलाल नेहरू यांनी मोठाल्या वकिल्या सोडल्या. खापर्ड्यांना हा मार्ग पटला नाही. ते दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले. येथे वकील पुढाऱ्यांचे दोन रस्ते स्पष्ट झाले. एक कायद्याच्या आत राहून भांडण्याचा आणि दुसरा कायदा मोडून शिक्षा भोगण्याचा.

विळा घेतलेला वकील

दुसऱ्या रस्त्याचे आमच्या भागातले उदाहरण बापूजी अणे. १९०७ साली ते कायद्याची परीक्षा पास झाले आणि दुसऱ्या वर्षापासून यवतमाळास वकिली करू लागले. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. वऱ्हाडात समुद्र नाही, मिठागर नाही. तेव्हा येथल्या माणसाने कोणता कायदा मोडावा? अण्यांनी उत्तर शोधले ते जंगलाच्या कायद्यात.

राखीव जंगलाचा कायदा थोडक्यात असा. सरकारने एखादे जंगल राखीव म्हणून जाहीर केले की तेथील गवत, लाकूड, डिंक, मोह, चराई, सगळ्यावर सरकारचा हक्क. बापजाद्यांपासून ज्या जंगलात गुरे चरली तेथे चराईची फी आणि विनापरवाना विळा चालवला तर गुन्हा. १८७८ चा कायदा आणि त्याची सुधारून काढलेली १९२७ ची आवृत्ती यांचा गाभा हाच. वकिलाच्या कचेरीत असले खटले नित्य येत. अण्यांना या कायद्याचे कलम न् कलम ठाऊक होते. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात त्यांनी आगाऊ जाहीर करून गवत कापले आणि सहा महिन्यांची शिक्षा घेतली.

या घटनेकडे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. मीठ सर्वांच्या जेवणात असते. पण राखीव जंगलातले गवत हे गुराख्याचे, गोंड-कोलामाचे आणि लहान शेतकऱ्याचे दुःख. त्या दिवशी वकिलाने विळा हातात घेतला म्हणजे आपला वकालतनामा बदलला. आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर उभा राहणारा माणूस पिंजऱ्यात गेला. मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात जंगल सत्याग्रह पसरला तो उगीच नव्हे.

परंतु याच अण्यांच्या आयुष्यात दुसरे पान आहे आणि तेही वाचले पाहिजे. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. पुढच्या वर्षी १६ ऑगस्टला आमच्याच जिल्ह्यातील चिमूरला उठाव झाला. माणसे मेली, नंतर लष्कर आणि पोलीस आले, बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी झाल्या. नोव्हेंबरात सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी दिल्लीस अण्यांच्या दारी गेले आणि म्हणाले, तुम्ही सरकारात आहात, चिमूरला चला, चौकशी करा. अणे गेले नाहीत. भन्साळींनी त्यांच्या दारातच उपोषण मांडले. ते पुढे ६३ दिवस चालले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी उपोषण आरंभले तेव्हा मात्र अण्यांनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला.

अण्यांस नावे ठेवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. ते मोठे होते. पुढे बिहारचे राज्यपाल झाले, म्हातारपणी नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले आणि २६ जानेवारी १९६८ रोजी वारले. सांगावयाचे ते इतकेच की वकिलाला एक सवय असते. ज्याचे काम घेतले त्याची बाजू मांडायची. सरकारात बसला की सरकार हे त्याचे पक्षकार होते. ज्या हातात १९३० साली विळा होता, त्याच हाताला १९४२ साली चिमूरची वाट धरता आली नाही. माणूस तोच, वकालतनामा निराळा.

खाणीच्या दारात आलेला बॅरिस्टर

बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट वेगळी आहे, कारण ते आपल्या पक्षकारांमधूनच आलेले होते. लंडनहून बॅरिस्टर होऊन ते १९२३ साली परतले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांचे बिल आणले; त्यात कित्येक प्रसंगी संप हा गुन्हा ठरत होता. गंमत अशी की बिल आणणाऱ्या सरकारचे मुख्य प्रधान बाळासाहेब खेर सॉलिसिटर, गृहमंत्री कन्हैयालाल मुनशी वकील आणि विरोधात उभे राहिले ते आंबेडकर बॅरिस्टर. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांनी संप केला. दोन्ही बाजूंस कायदेपंडित असताना फरक पडला तो कायद्याच्या ज्ञानाने नव्हे. ते ज्ञान कोणाच्या चरणी वाहिले आहे, याने पडला.

१९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. आम्हा खाणवाल्यांना हा काळ विशेष जवळचा. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादकडच्या कोळसा खाणी पाहण्यास गेले. १९४४ च्या आरंभी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. निघणाऱ्या कोळशावर उपकर बसवून त्यातून कामगारांसाठी दवाखाने, घरे, पाणी अशी ती योजना. १९४७ साली तिचा कायदा झाला.

पण त्या खुर्चीने त्यांनाही कठीण प्रसंगात घातले. लढाईत कोळसा कमी पडू लागला, तेव्हा स्त्रियांनी जमिनीखाली काम करण्यावरची बंदी १९४३ साली उठवली गेली. कायदेमंडळात त्यावर टीका झाली आणि सरकारची बाजू मांडण्याचे काम मजूर सभासद म्हणून आंबेडकरांवर आले. त्यांनी ती मांडली. मात्र स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी हे तत्त्व तिथे लावून धरले. फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. सरकारी वकालतनामा हाती असतानाही आपला मूळ पक्षकार विसरायचा नाही, हे किती अवघड आणि तरीही शक्य आहे, ते या प्रसंगात दिसते.

खाणीशी जोडलेला आणखी एक बॅरिस्टर येथे आठवतो. मद्रासचे मोहन कुमारमंगलम, एके काळचे कम्युनिस्ट, पुढे केंद्रात पोलाद आणि खाणींचे मंत्री. त्यांच्या कारकिर्दीत ३१ जानेवारी १९७३ रोजी देशातील उरलेल्या खासगी कोळसा खाणींचा ताबा सरकारने घेतला आणि १ मेपासून त्या राष्ट्राच्या झाल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला कुमारमंगलम विमान अपघातात गेले. आमच्या वडिलांच्या पिढीने मालकाचा मुनीम आणि त्याचे लठैत पाहिले होते. त्यांना या कायद्याचा अर्थ पुस्तकातून समजावून द्यावा लागला नाही.

अमेरिकेतला एक दाखला

हे सगळे आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत तर लहानमोठ्या प्रत्येक राज्याच्या विधिमंडळात वकिलांचा भरणा असे आणि तेथील निम्म्याहून अधिक राष्ट्राध्यक्ष वकील होते. अब्राहम लिंकन हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. फ्रान्सचे तोकव्हिल यांनी १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, अमेरिकेत सरदार घराणी नाहीत, त्यांची जागा वकिलांनी घेतली आहे, अशा अर्थाचे निरीक्षण नोंदवून ठेवले आहे.

आमच्या कामाचा दाखला क्लॅरन्स डॅरो यांचा. हे शिकागोला एका रेल्वे कंपनीचे वकील होते. १८९४ साली रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला आणि पुढारी यूजीन डेब्स यांच्यावर खटला झाला, तेव्हा डॅरोंनी कंपनीची वकिली सोडून डेब्सची घेतली. १९०२ साली पेनसिल्व्हेनियाच्या सुमारे दीड लाख कोळसा कामगारांनी मे ते ऑक्टोबर संप केला. शेवटी राष्ट्राध्यक्षांनी आयोग नेमला आणि आयोगापुढे कामगारांची बाजू डॅरोंनी मांडली. कोळसा निवडणारी लहान मुले त्यांनी साक्षीस उभी केली. १९०३ साली निवाडा झाला; मजुरीत दहा टक्के वाढ आणि दिवसाचे तास दहावरून नऊ. युनियनला मात्र मालकांची मान्यता मिळाली नाही. त्याच सुमारास डॅरो इलिनॉय राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले. परंतु त्यांचे नाव राहिले ते आयोगापुढच्या कामामुळे.

यातून आम्ही काय घ्यावे? डॅरो उत्तम बोलले हे खरे. पण आयोग बसला तो दीड लाख माणसे पाच महिने घरी बसली म्हणून. वकिलाच्या शब्दामागे कोणी तरी उभे असावे लागते. नुसता शब्द हवेत विरतो.

सनदेवाचून आणि सनदेसह

आमच्या चांद्याने तर दोन्ही प्रकार दाखवले. मारोतराव कन्नमवार यांच्याजवळ ना पदवी ना सनद. गरिबीतून वर आलेले हे गृहस्थ २० नोव्हेंबर १९६२ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरानंतर पदावर असतानाच २४ नोव्हेंबर १९६३ रोजी वारले. त्यांच्यामागून आले ते पुसदचे वसंतराव नाईक, बंजारा समाजातले वकील. ते १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. कन्नमवारांच्या आधीचे यशवंतराव चव्हाण हेही कऱ्हाडचे वकील. म्हणजे दोन वकिलांच्या मध्ये एक वर्ष बिनसनदी माणूस बसला आणि राज्य चालले.

चांद्याचेच बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा जन्म १९२५ चा. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला हा तरुण बाबासाहेबांच्या चळवळीत पडला. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चांद्यास धम्मदीक्षा दिली, त्या सोहळ्याच्या मागे खोब्रागड्यांची मेहनत होती. ते पुढे रिपब्लिकन पक्षाच्या अग्रणींत आले आणि १९६९ पासून १९७२ पर्यंत राज्यसभेचे उपसभापती होते. ६ डिसेंबर १९६४ पासून त्या पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. राज्यसभेत नियमाचे पुस्तक उघडणारा आणि बाहेर भूमिहीनांबरोबर उभा राहणारा एकच माणूस असू शकतो, हे चांद्याने पाहिले आहे.

आम्ही काय करायचे?

आता त्या तरुणाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. वकिलाने भांडायचे, तर आम्ही काय करायचे?

गंमत अशी आहे की कामगार कायद्याने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने बाहेरच्या माणसाला युनियनचा पदाधिकारी होऊ दिले, पण निदान निम्मे पदाधिकारी त्या धंद्यात काम करणारेच असावेत अशी अट घातली. पुढे बाहेरच्यांचे प्रमाण आणखी कमी केले. १९४७ च्या औद्योगिक तंटा कायद्याचे ३६ वे कलम तर आम्ही कामगारांकडून पाठ करून घेत असू. समेटाच्या बैठकीत वकील मुळीच नाही. न्यायाधिकरणापुढे वकील आणायचा तर दुसऱ्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी, दोन्ही हवीत. का? कारण मालकाला दहा वकील परवडतात आणि कामगाराला एकही नाही. कायद्याने वकिलाला उंबऱ्यावर थांबवले आणि कामगाराच्या माणसाला आत बोलावले.

आता आमची चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने आमच्या एका सोबत्याला कामावरून काढले. तंटा न्यायाधिकरणात गेला. पहिल्या तारखेला समोरून वकील उभा राहिला आणि आमची हरकत आहे काय असे विचारले गेले. आम्ही विचार केला, एवढा शिकलेला माणूस, त्याला नाही कसे म्हणावे? हरकत नाही म्हणून कागदावर सही करून दिली. कलम ३६ चे नावही आम्ही ऐकले नव्हते. पुढे नागपुरास कायद्याचे एक पातळसे पुस्तक विकत घेतले, त्यात ते वाचले आणि हरकत घेतली. उत्तर मिळाले की एकदा दिलेली संमती आता परत घेता येत नाही. तारखांवर तारखा पडल्या. सात वर्षांनी निकाल लागला तेव्हा आमचा सोबती माजरी सोडून वीटभट्टीवर गेला होता आणि निकालाचा कागद घेऊन आम्ही त्याला शोधत हिंडत होतो. त्या सहीला कोणी वकील जबाबदार नव्हता. आमचे अज्ञान जबाबदार होते.

कायदा वाचला म्हणजे सारे साधले असेही नाही. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने पारादीप बंदराच्या खटल्यात ठरवले की वकील जर मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी असेल, तर त्या नात्याने त्याला संमतीवाचूनही उभे राहता येते. पुढच्या दाराने अडवलेला माणूस बाजूच्या दाराने आत आला. कामगार संघटनेलाही तीच मुभा आहे. कागदावर दोघे सारखे. पण बाजूचे दार कोणाला आधी सापडते हे सांगायला नको.

आज हे सांगण्याची निकड आहे. केंद्राचे २९ कामगार कायदे मोडून चार संहिता केल्या गेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या. आमच्या पाठांतरातील कलमांचे क्रमांक एका दिवसात बदलले. वकिलाच्या उंबऱ्याचा नियम नव्या संहितेतही ठेवला आहे. पण कामगार कपात करण्यास किंवा खाण बंद करण्यास सरकारची आगाऊ परवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून लागे, ती आता तीनशेपासून लागते. पन्नास-शंभर माणसे ठेवणाऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली जो तरुण राबतो त्याने हे वाचायला नको काय? हे कायदे करणाऱ्या सभागृहात वकील थोडे नव्हते. प्रश्न पुन्हा तोच, त्यांच्या हाती वकालतनामा कोणाचा?

मत देणे म्हणजे वकालतनाम्यावर सही करणेच आहे. कोर्टातला वकालतनामा सही करण्यापूर्वी आपण वाचून घेतो आणि वकील बाजू सोडून बोलू लागला तर दुसरा वकील करतो. मताच्या बाबतीत आपण सही करतो आणि पाच वर्षे तारीख विचारत नाही. यात वकिलाचा दोष निम्मा, पक्षकाराचा निम्मा.

म्हणून त्या मुलाला आमचे उत्तर असे. वकिलांनी आपल्या देशाला पुष्कळ दिले. त्यांचे उपकार आहेत. चांगला वकील मिळाला तर त्याला अवश्य धरावे. पण आपले गाऱ्हाणे आपण लिहावे, कलम आपण वाचावे आणि बैठकीला आपण बसावे. बापूजी अण्यांना जंगलाचा कायदा पाठ होता हे खरे. परंतु तो कायदा रोज अंगावर झेलणाऱ्या माणसाला जे माहीत होते ते त्यांना त्या माणसाकडूनच शिकावे लागले. कायद्याचे अर्धे ज्ञान पुस्तकात असते आणि अर्धे सोसणाऱ्याजवळ. दोन्ही अर्धी एका डोक्यात आली तर तो माणूस कोणाचाही कायमचा पक्षकार राहत नाही.

सध्या दर रविवारी सकाळी आमच्या कचेरीत नव्या संहितेचे मराठीतून वाचन चालते. एक जण कलम वाचतो, दुसरा आपल्या खाणीतला दाखला देतो. पहिल्या रविवारी चार माणसे होती, आता सतरा येतात. तो मुलगा पुढच्या रांगेत बसतो. गेल्या खेपेस त्याने स्वतः अर्ज लिहून आणला. दोन ठिकाणी चुका होत्या. आम्ही त्या दाखवल्या, पण सुधारून दिल्या नाहीत. त्यालाच सुधारायला सांगितले.